खुंट्यावरचा दुसरा हात

रेवस-मांडव्याच्या बाजूला जुन्या माणसांपाशी 'बोट बुडाली ते साल' एवढं म्हटलं तरी पुरतं. कुठली बोट, असं कोणी विचारत नाही. कोणाचा जन्म, कोणाचं लग्न, कोणत्या शेताची वाटणी, सगळं त्या सालाच्या अलीकडे नाहीतर पलीकडे धरायचं. माझी मोठी आत्या तेव्हा नऊ वर्षांची होती. तिच्या तोंडून ही हकीकत मी लहानपणापासून ऐकत आले, पण नीट कान देऊन ऐकली ती फार उशिरा, आमच्याच घरात मृत्यू येऊन गेल्यावर.

१७ जुलै १९४७, गुरुवार. आषाढ सरला होता, गटारी अमावास्या होती. सकाळी आठच्या सुमारास 'रामदास' भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. मुंबईत कामाला असलेली कितीतरी माणसं सणाला घरी चालली होती. व्यापारी होते, बायका होत्या, कडेवरची पोरं होती. बोट तशी जुनी नव्हती, १९३६ ची बांधणी. धक्का सोडताना पाऊस होताच, पुढे वारा भरला. माऱ्यापासून वाचायला लोक एका अंगाला सरकले. काश्याच्या खडकाजवळ मोठी लाट येऊन आदळली, बोट कलली, भेदरलेली गर्दी इकडून तिकडे धावली आणि बघता बघता बोट उलटली. सव्वासहाशेच्या आसपास माणसं गेली असं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं. काही नोंदी हा आकडा सातशेच्या जवळ नेतात. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती, त्यामुळे एवढ्या जवळच्या मुंबईला कळायलाही दुपार उलटली. त्याआधी पाण्यातली माणसं दिसली ती रेवसच्या कोळ्यांना. ते मासळी घेऊन मुंबईला निघाले होते. त्यांनी होडीतली मासळी पाण्यात लोटली आणि मिळतील तेवढी माणसं वर ओढली. पाऊणशेच्या आसपास जीव त्यांच्यामुळे वाचले. त्या सकाळच्या त्यांच्या कमाईबद्दल कोणी कधी बोललं नाही. आत्या मात्र दर वेळी सांगते: मासळी टाकली गो त्यांनी, आख्खी.

वीस वर्षांपूर्वी, ११ नोव्हेंबर १९२७ ला, याच किनाऱ्यावर फिरणाऱ्या 'जयंती' आणि 'तुकाराम' अशा दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या. म्हणजे समुद्राने माणसं नेण्याची गोष्ट गावांना नवी नव्हती. तरी 'रामदास'ने एकेका आळीतून जितकी माणसं एका सकाळी उचलली, तितकी कोणाच्याच आठवणीत नव्हती.

आमच्या घरातले धाकटे आजोबा, म्हणजे माझ्या आजोबांचे पाठचे भाऊ, त्या बोटीवर होते. लालबागला गिरणीत होते, लग्नाला तीन वर्षं झालेली. शेजारच्या घरातले काकाही होते. दोघांनी बरोबर तिकीट काढलं असणार, कारण दोघं नेहमी बरोबरच यायचे. धाकटे आजोबा चौथ्या दिवशी किनाऱ्याला लागले. चेहरा ओळखण्यापलीकडे गेला होता. माझ्या पणजोबांनी करदोट्याला बांधलेली पेटीची किल्ली पाहिली, ती पितळेची होती आणि तिला निळ्या सुताची गाठ होती. ती गाठ धाकट्या आजीने मारून दिलेली. त्यांनी किल्ली सोडवली नाही. तशीच राहू दिली, आणि पेटी पुढे सुताराकडून उघडून घेतली.

शेजारचे काका सापडलेच नाहीत.

त्यांचं पोस्टकार्ड मात्र आलं. सोमवारी टाकलेलं कार्ड शनिवारी पोचलं. गुरुवारच्या बोटीने येतो, पोराच्या पायाचं माप सुतळीवर घेऊन ठेव, एवढाच मजकूर. पोस्टमन गावातलाच होता. ते कार्ड त्या घरात द्यावं की नाही, हे विचारायला तो आधी आमच्या पणजीकडे आला. ओट्याच्या खाली भिजत उभा राहिला, आत येईना. पणजी म्हणाली, "तिचं आहे, तिला दे. आपण कोण ठेवून घेणार?" मग ती स्वतः त्याच्याबरोबर गेली आणि त्याला वाचून दाखवायला लावलं, कारण काकीला वाचता येत नव्हतं. आत्या पणजीच्या पदराला धरून उभी होती. काकीने कार्ड ऐकलं, हातात घेतलं, आणि तांदळाच्या डब्यात ठेवून दिलं. मग उठून सुतळी शोधायला लागली. पणजीने तिला अडवलं नाही. पोराला बोलावलं, खाली बसवलं, आणि काकीने माप घेईपर्यंत त्याचा पाय धरून ठेवला.

ही गोष्ट मी कितीतरी लोकांना सांगितली आहे. ऐकणाऱ्यांपैकी काहींना पणजी कठोर वाटते. निदान कार्ड तरी लपवायला हवं होतं असं त्यांना वाटतं. मला तसं वाटत नाही. ज्याचं दुःख आहे त्याच्यापासून ते वाचवायचं म्हणून आपण लपवालपवी करतो, आणि नंतर त्या माणसाला दोन गोष्टींशी झुंजावं लागतं, दुःखाशी आणि आपण लपवलेल्याशी. पणजीने कार्ड दिलं आणि ती तिथे थांबली. थांबली, हे महत्त्वाचं.

तेव्हा शेतात लावणी चालू होती. राबातली रोपं उपटून मुठी बांधून ठेवलेल्या, चिखलणी झालेली, आणि घरं सुतकात. रोप जून झालं की फुटवा कमी येतो, मग पीक बसतं. भाताला आपल्या सुतकाशी देणंघेणं नसतं. ज्या घरातला कर्ता माणूस गेला तिथे लावणी करायची कोणी? एरवी पणजोबांच्या ओटीवर बैठक भरून चर्चा झाली असती, पण पणजोबा स्वतः सुतकात होते. त्यामुळे बैठक झालीच नाही. पाचव्या दिवशी पहाटे वरच्या आळीतली माणसं, बाया, पोरं, इरली डोक्यावर घेऊन आली आणि आधी काकीचं शेत, मग आमचं, मग खालच्या आळीतल्या दोन घरांची शेतं लावून गेली. स्वतःची लावणी त्यांनी मागे ठेवली. कोणी दारात येऊन सांगितलं नाही की आम्ही करतो. काही लागलं तर सांगा, असंही म्हणाले नाहीत. आत्या सांगते, आम्हाला दुपारी कळलं, कारण बांधावरून गाण्याचा आवाज येत नव्हता. लावणी करताना बाया गातात. त्या दिवशी त्या गायल्या नाहीत, एवढीच लावणी वेगळी.

'काही लागलं तर सांग' हे वाक्य मी स्वतः शेकडो वेळा ऐकलं आहे, मनापासून म्हटलेलं. पण ज्याच्या घरी माणूस गेलं त्याला काय लागतंय हे त्याला ठाऊक नसतं, आणि ठाऊक असलं तरी मागायचं बळ नसतं. वरच्या आळीला दिसत होतं काय लागतंय. मुठी पडल्या होत्या.

जेवणाचंही तसंच. आमच्याकडे मयताच्या घरात पहिल्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारचे, सोयरे जेवण घेऊन येतात. कडू घास म्हणतात त्याला. तांदळाच्या भाकऱ्या, पिठलं, फार तर वालाचं बिरडं. मासळीचा प्रश्नच नव्हता. आख्ख्या पट्ट्यातल्या लोकांनी पुढे कितीतरी आठवडे मासे खाल्ले नाहीत, आणि का, हे कोणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. यात कोळणींची रोजीरोटी गेली. आमच्या दारी रोज येणारी कोळीणमावशी होती, आजी तिच्याशी दोन-दोन पैशांसाठी घासाघीस करायची. ती त्या दिवसांतही येत राहिली. पाटीत मासळी नाही, टाकळ्याच्या जुड्या, दोन शिराळी, कुठून तरी आणलेली चार भेंडी. तिच्या आळीतले पुरुष त्या सकाळी होड्या घेऊन पाण्यात होते. त्यांनी काय पाहिलं, किती हात सुटून गेले, हे ती कधी कोणाला सांगत नव्हती. ओट्यावर बसायची, भाजी निवडून द्यायची, उठून जायची. आजी तिला पैसे द्यायची आणि ती घ्यायची. आजी म्हणायची, ती फुकट देत बसली असती तर मला तिच्यापुढे रडता आलं नसतं.

रडण्याबद्दल थोडं सांगायला हवं. गावातल्या बायका समाचाराला येत तेव्हा दारातूनच सूर लावून रडत, मेलेल्याचे गुण सांगत, आणि घरातल्या बायका त्या सुरात सूर मिसळत. शहरातल्या शिकलेल्या नातेवाइकांना ते नाटकी वाटायचं, माझ्या बाबांनाही वाटायचं. आत्याचं मत वेगळं आहे. ती म्हणते, धाकटी आजी चार दिवस दगडासारखी बसली होती. पाणी दिलं तर प्यायची, नाही दिलं तर नाही. वरच्या आळीतली एक म्हातारी आली, उंबऱ्यातच बसली आणि धाकट्या आजोबांच्या लहानपणाच्या खोड्या रडत रडत सांगायला लागली: आमच्या आवारातले कैऱ्यांचे घड कोण तोडणार, माझ्या म्हशीची शेपटी कोण पिळणार. तेव्हा धाकटी आजी फुटली. एकटीला रडू आलं नसतं, असं आत्याला वाटतं. मला ते पटतं, कारण मी तेच उलट्या बाजूने पाहिलं आहे, त्याबद्दल पुढे.

तेरा दिवस असे माणसांनी भरलेले गेले. तिसऱ्या दिवशी कोणी यायचं, दहाव्याला कोणी, तेराव्याला कोणी, हे ठरलेलं असतं. खरी परीक्षा चौदाव्या दिवशी सकाळी. पाहुणे परतलेले, सतरंज्या उचललेल्या. आणि त्या साली श्रावण अधिक आला होता, सण एक महिना पुढे गेलेले. नुसता पाऊस आणि रिकामा महिना.

काकीच्या घरात तिची आंधळी सासू आणि सहा वर्षांचा मुलगा. जात्यावर बसायला दुसरं माणूस नाही. जातं एकटीला ओढता येतं, पण दळण मोठं असलं की खांदा भरून येतो. खुंट्यावर दुसरा हात लागतो. माझी आजी तिथे जायला लागली. घरचं दळण आधी नाहीतर नंतर, पण पहाटे कोंबडं आरवायच्या सुमारास ती काकीच्या माजघरात. बरोबर धाकट्या आजीला न्यायची. दोघी खुंट्याला, तिसरी जात्याच्या तोंडात मूठ मूठ तांदूळ सोडायला. आळीपाळीने जागा बदलायच्या. आत्या जागी होऊन मागे मागे जायची आणि भिंतीला टेकून पोत्यावर बसायची. दिवा एकच, तोही देवळीत. जात्यावर बसलेल्या बायकांचे चेहरे खाली असतात, पिठाकडे. समोरच्या बाईचे डोळे बघावे लागत नाहीत. घरघर एवढी असते की आवाज थरथरला तरी कोणाला कळत नाही.

आधी नेहमीच्या ओव्या झाल्या. पहिली देवाची, मग आईबापाची, भावाची. असे कितीतरी दिवस गेले. आणि एका पहाटे काकीने आपल्या नवऱ्याचं नाव घेऊन ओवी म्हटली. बायकोने नवऱ्याचं नाव एरवी उच्चारायचं नाही. काकांना ती 'अवं' एवढंच म्हणायची. ओवीत चालतं. आत्याने ते नाव काकीच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. आजी क्षणभरही थांबली नाही, खुंटा फिरतच राहिला. पुढची ओवी तिने तेच नाव घेऊन म्हटली. मग धाकट्या आजीने आपल्या नवऱ्याची म्हटली. पायलीभर तांदूळ दळून होईपर्यंत दोन मेलेली माणसं त्या माजघरात नावाने हिंडत होती. सकाळी तिघी उठल्या, पीठ भरलं, आणि आपापल्या कामाला लागल्या. त्याबद्दल दिवसा कोणी कोणाशी बोललं नाही. हे किती वर्षं चाललं? आत्या म्हणते, गावात पिठाची गिरणी आली तोवर.

मला विचाराल तर सांत्वन म्हणजे काय, ते मला या माजघरात सापडतं. तिथे उपदेश नव्हता आणि धीर देण्याची भाषाही नव्हती. रोजचं जड काम होतं, त्याला लागणारा दुसरा हात होता, आणि गेलेल्या माणसाचं नाव निघालं तर ते उचलून धरणारं कोणीतरी होतं.

पोरांकडे मात्र फारसं कोणाचं लक्ष नव्हतं. मोठी माणसं एवढी खचलेली की मुलांना काय कळतंय हे धरूनच चाललेली. काकीच्या मुलाला त्याचा बाप 'मुंबईला आहे' असंच सांगत होते. तो दिवसभर अंगणातल्या पाण्यात कागदाच्या होड्या सोडायचा आणि खडा मारून बुडवायचा. एकदा सोडायची, एकदा बुडवायची. त्याच्या मामाने पाहिलं आणि त्याला मारलं. पणजोबा, ज्यांचा स्वतःचा मुलगा गेला होता आणि जे तेव्हा फारसं बोलत नव्हते, ते पडवीतून उतरले. पंचांगाची जुनी पानं फाडून होड्या करायला बसले. पोरगं बुडवायचं, पणजोबा नवी द्यायचे. मग पोराने विचारलं, यात माणसं बसली होती का? पणजोबा म्हणाले, होती. माझा मुलगा होता आणि तुझा बाप होता. दोघं बरोबर होते.

एवढंच. आत्या तिथेच होती, आणि तिलाही तेव्हाच कळलं. तोवर तिलाही कोणी धड सांगितलेलं नव्हतं.

बोट बुडाल्याला महिना व्हायच्या आत १५ ऑगस्ट आला. अलिबागला मिरवणूक, गावात शाळेवर झेंडा, गूळखोबरं. पणजोबा जुने काँग्रेसवाले, टोपी घालणारे. ते गेले, झेंड्याला हात जोडले, प्रसाद घेतला आणि घरी आणून धाकट्या आजीच्या हातावर ठेवला. तिने तो खाल्ला. काकी गेली नाही. तिला कोणी आग्रह केला नाही आणि कोणी बोललंही नाही. एकाच आळीत, एकाच पावसात, एक घर झेंड्याकडे गेलं आणि एक गेलं नाही. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत तो दिवस सगळीकडे सारखाच उजाडतो. इथे तसा उजाडला नव्हता.

ऑगस्ट सरता सरता नारळी पौर्णिमा आली. कोळीवाड्यात प्रश्न पडला होता, समुद्राला नारळ द्यायचा का? जुन्या लोकांनी द्यायचा ठरवला; समुद्राशी वैर धरून जगता येत नाही. वाजंत्री लावली नाही, नाच झाला नाही. कोळीणमावशीने आमच्या आजीला आणि काकीला बोलावणं धाडलं. आजी गेली. काकीने नारळ पाठवला, स्वतः गेली नाही.

कारण काकी वाट पाहत होती.

सापडलेल्या आणि न सापडलेल्या माणसाच्या दुःखात केवढं अंतर असतं, ते या दोन घरांत स्पष्ट दिसत होतं. धाकट्या आजीचं दुःख भयंकर होतं, पण त्याला टोक होतं: चिता, राख, कावळा शिवलेला पिंड. काकीला काय? एखाद्या परदेशी बोटीने उचललं असेल, कुठल्या इस्पितळात शुद्धीवर नसेल, अशा वावड्या उठतच होत्या. भटजींनी पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचं दहन करण्याचा विधी सुचवला. नाहीतर शास्त्राप्रमाणे बेपत्ता माणसासाठी बारा वर्षं थांबायचं. सोयऱ्यांना घाई होती. सुतक फिटावं, वारसा लागावा, बाईच्या बांगड्यांचं काय ते एकदा ठरावं. काकी म्हणाली, नाही. तिच्या माहेरच्या बायका बांगड्या फोडायला आल्या तेव्हा माझी पणजी दारात उभी राहिली. तिने सांगितलं, हिने सांगेपर्यंत हिच्या हाताला हात लावायचा नाही. पणजी त्या गावात वयाने आणि शब्दाने मोठी होती, म्हणून ते टिकलं. घरोघरच्या बाकी बायकांना ते नशीब लाभलं नाही. आमच्या घरातल्या धाकट्या आजीलाही नाही. तिच्या बांगड्या त्याच दारात फुटल्या होत्या, आणि पणजीने फोडू दिल्या होत्या. आत्या हे सांगते आणि गप्प होते.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं या प्रथा बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं परिपत्रक काढलं. मी ती बातमी आत्याला फोनवर वाचून दाखवली. ती म्हणाली, "पंचाहत्तर वर्षं लागली बाय. धाकटी काकू असती तर तिला सांगितलं असतं." मला हा ठराव शोकाच्या बाजूने केलेला ठराव वाटतो. नवरा गेलेल्या बाईला दुःख करायला जी पहिली सकाळ मिळते तीच आपण शिक्षेत घालवत होतो.

पॉलीन बॉस नावाच्या अमेरिकी अभ्यासक आहेत. व्हिएतनामच्या युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांशी बोलून त्यांनी १९७० च्या दशकात अशा अर्धवट राहिलेल्या वियोगाचा अभ्यास सुरू केला. त्यांचं म्हणणं साधारण असं, की ज्याचा शेवट दिसलाच नाही त्याला 'आता झालं, पुढे चल' म्हणणं हा अन्याय आहे. माणूस 'तो गेला' आणि 'तो येईल' या दोन्ही गोष्टी एकाच मनात घेऊन जगू शकतो, आणि त्याला तसं जगू द्यावं. हे वाचलं तेव्हा मला काकी आठवली. तिने पाचव्या की सहाव्या पितृपक्षात आपणहून येऊन पणजीला सांगितलं, आता करू. रेतीवर पळसाच्या पानांचा पुतळा मांडला. काकीने तांदळाच्या डब्यातून कार्ड आणलं होतं, ते त्यावर ठेवेल असं सगळ्यांना वाटलं. तिने ठेवलं नाही. ते परत डब्यात गेलं. बांगड्या तिने स्वतः काढल्या, कुंकू ठेवलं. लोक बोलले. आजी पुढची कितीतरी वर्षं हळदीकुंकवाला तिला आपल्या शेजारी बसवत होती.

एप्रिल २०२१ मध्ये, करोनाकाळात, माझे बाबा गेले. इस्पितळात नेलं तेव्हा ते चालत आत गेले होते, आणि पुन्हा दिसले ते प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले, लांबून. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती. आमच्याकडे तेवढीही नव्हती, कारण निम्मं घर आजारी. आई डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये कोंडलेली. समाचाराला कोणी येऊ शकत नव्हतं. फोन आले, पुष्कळ आले, मोबाइलवर हात जोडलेली चित्रं आली. आई प्रत्येकाला तेच सांगत होती, ऑक्सिजन किती होता, कधी खाली गेला. तिच्या डोळ्याला पाणी येत नव्हतं. धाकट्या आजीसारखीच बसून होती, आणि उंबऱ्यात येऊन बाबांच्या खोड्या सांगणारी म्हातारी तिला मिळत नव्हती.

तेव्हा आत्याने फोन सुरू केला. त्र्याऐंशी वर्षांची, गावात एकटी, स्वतःचा धाकटा भाऊ गेलेला. रोज तिन्हीसांजेला फोन यायचा, दिवे लागायच्या वेळी. ती म्हणते, मयताच्या घरात तीच वेळ खायला उठते. कशी आहेस, असं तिने आईला कधी विचारलं नाही. आज काय शिजवलंस, असं विचारायची. मग, मला तांदूळ निवडायचेत, तूही काहीतरी घे हातात, असं सांगायची. आई मेथी घ्यायची नाहीतर लसूण. फोन स्पीकरवर, ताटलीत लसणाच्या पाकळ्या, आणि आत्या तिकडून सांगतेय: तुझा नवरा चार वर्षांचा असताना गोठ्यात लपला होता, तेव्हा आम्ही सगळं गाव धुंडाळलं. बाबांच्या नावाने सुरू व्हायचं आणि कुठेही जायचं. तिथूनच मला 'रामदास'ची सगळी हकीकत सलग मिळाली, कार्ड, किल्ली, होड्या, माजघर. आई आठव्या-नवव्या फोनला कधीतरी रडली. आत्याने समजूत घातली नाही. पलीकडे तांदूळ निवडल्याचा आवाज येत होता, आणि मग ती पुढची गोष्ट सांगायला लागली. लॉकडाऊन उठल्यावर बाकीचे फोन थांबले. आत्याचा अजून येतो, रोज नाही, पण अमावास्येला आणि बाबांच्या वाढदिवसाला नक्की.

मागच्या वर्षी आईच्या समोरच्या फ्लॅटमधले काका गेले. काकू आईपेक्षा लहान, मुलगी परदेशात. तेराव्यापर्यंत माणसं होती. चौदाव्या दिवशी सकाळी आई त्यांच्याकडे गेली आणि कागदांची पिशवी मागून घेतली. तिला तो अनुभव आहे, कुठे कोणता दाखला लागतो, झेरॉक्स किती, कोणत्या खिडकीवर कोण बसतं. तेव्हापासून दोघी जातात. रिक्षात काकू काकांबद्दल बोलतात, रांगेतही बोलतात, आणि आई ऐकत ऐकत फॉर्म भरते. फॅमिली पेन्शन सुरू झाली आहे. रेशन कार्डावरचं नाव आणि गावच्या सातबाऱ्यावरची वारसनोंद राहिली आहे. तलाठी सोमवारी भेटतात म्हणे, म्हणून रविवारी रात्रीच पनवेलला मुक्कामाला जायचं दोघींनी ठरवलं आहे.